मुलांच्या नोंदी आणि आपली जबाबदारी

शाळेच्या दप्तरात मुलाची नोंद असावी की नसावी, असा वाद समाजवाद्यांनी घालण्याचे कारण नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना जोतीराव फुल्यांनी सरकारला विचारलेला प्रश्न मुळात हिशेबाचाच होता. रयतेच्या घामातून गोळा होणारा महसूल कोणाच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली आणि कागदावरच्या बोगस विद्यार्थ्यांच्या जोरावर अनुदान लाटणाऱ्या संस्था उघड्या पडल्या, ते नोंदी तपासल्यामुळेच. तेव्हा नोंदींशी आपले वैर नाही. नोंद कोणासाठी, किती, कोणाच्या हाती आणि किती काळ, एवढेच आपण विचारतो आहोत. आणि नेमके तेवढेच विचारण्याची आज सोय राहिलेली नाही.

पूर्वी ही नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये शाईने होत असे. ते रजिस्टर मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात राही, आणि ते पाहावयाचे तर माणसाला शाळेपर्यंत चालत यावे लागे. या अडचणीतच एक संरक्षण दडलेले होते. २०१५ पासून राज्यात ‘सरल’ प्रणाली आली. २०२२-२३ पासून केंद्राच्या ‘यूडायस प्लस’मध्ये शाळेच्या एकूण आकड्यांऐवजी एकेका मुलाची स्वतंत्र माहिती नावानिशी भरली जाऊ लागली. २०२३ मध्ये ‘एक राष्ट्र, एक विद्यार्थी ओळख’ असा गाजावाजा करीत बारा अंकी ‘अपार’ क्रमांक आला. देशातील सुमारे चोवीस कोटी शालेय मुलांचा सामाजिक प्रवर्ग, धर्म, अपंगत्व, दारिद्र्यरेषेखालील असणे-नसणे, पालकांचा मोबाइल क्रमांक हे सारे आता एका कळीच्या अंतरावर आले आहे. फुल्यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास तालुक्याची बेरीज पुरते. त्यासाठी अमुक मुलीच्या आईचा फोन नंबर लागत नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजणारा हा भेद नियोजनकर्त्यांना समजत नसेल, असे मानणे कठीण आहे.

‘अपार’साठी पालकांची संमती लागते आणि ती ऐच्छिक आहे, असे केंद्र सरकारच सांगते. आमच्या घराजवळच्या वस्तीतील एक बाई तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यावरील मजकूर त्यांनी वाचलेला नव्हता. वाचता येत असता तरी उपयोग नव्हता. ‘उद्या नाही दिला तर पोराला वर्गात उभं करतील, तेवढी सही कुठं करायची ते दाखवा,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते. फॉर्म न देण्याचाही हक्क तुम्हाला आहे, असे मी सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. पेन्शनवाल्या माणसाला असले हक्क परवडतात, असा तिचा अर्थ होता. दुबळ्याची संमती ही मजुरीच्या करारासारखीच असते. करार कागदावर स्वतंत्र असतो, पोट मात्र स्वतंत्र नसते.

शिक्षकांना खलनायक ठरविण्याची मात्र घाई नको. शंभर टक्के नोंदणीचा तगादा वरून येतो आणि केंद्रप्रमुखामार्फत द्विशिक्षकी शाळेच्या गुरुजींच्या डोक्यावर आदळतो. त्यातच संचमान्यता आधार वैध ठरलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येशी जोडली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील किंवा पारधी पालावरील मुलाच्या नावात एक अक्षर चुकले, जन्मतारीख जुळली नाही, की समोर बाकावर बसलेले ते हाडामांसाचे मूल संगणकाच्या लेखी नसते. अशी काही मुले वजा झाली की शिक्षकाचे पद धोक्यात येते. ज्या नोंदीने बोगस मुले शोधावयाची, तीच खऱ्या मुलांना बोगस ठरवू लागते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि पुढे १९११ च्या कायद्याने रजिस्टरात नोंदविले, बोटांचे ठसे देण्यास भाग पाडले, त्या समाजांना नावनोंदणी या शब्दाचीच धास्ती वाटते. १९५२ साली तो कायदा गेला. भीती कायद्याबरोबर जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाचा लाभ रोखता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी, मुलांवर पाळत ठेवू नये, त्यांना लक्ष्य करून जाहिराती करू नयेत, हे त्यातील कलम स्वागतार्ह आहे. परंतु कायद्याचे नियम निघावयास नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य कलमांच्या अंमलास त्यापुढे अठरा महिन्यांची सवड दिली गेली. त्यातही अनुदान आणि लाभ देण्याच्या कामी शासनाला संमतीवाचून माहिती वापरण्याची वाट मोकळी आहे. तक्रार ऐकणाऱ्या मंडळाचे सदस्य केंद्र सरकारच नेमणार. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात केलेली दुरुस्ती मात्र तत्परतेने अमलात आली. अधिकाऱ्याची माहिती नागरिकापासून झाकावयाची आणि वाडीवरच्या मुलाची माहिती साऱ्या यंत्रणेपुढे उघडी ठेवावयाची, असा हा न्याय आहे.

उघडी म्हणजे किती उघडी, याचे उदाहरण ‘दीक्षा’ या शासकीय अॅपचे. मे २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने ४९ देशांतील १६३ शैक्षणिक साधनांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील ८९ टक्के साधने मुलांच्या हक्कांना बाधक ठरेल अशा रीतीने माहिती हाताळत होती. ‘दीक्षा’ मुलांचे ठिकाण टिपू शकत असल्याचेही त्यात नमूद होते. जानेवारी २०२३ मध्ये उघड झाले की या अॅपच्या साठ्यातील दहा लाखांवर शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती कुलपाविना पडून होती. बाजाराला याचे मोल ठाऊक आहे. दहावीच्या परीक्षेची शाई वाळण्याआधी पालकांना खासगी क्लासचे फोन येऊ लागतात. आईचे नाव, मुलाची शाळा, सारे त्यांना पाठ असते. हे ते कोठून शिकतात?

इथे स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९८८ च्या सुमारास, नवखा व्याख्याता असताना, कार्यालयातून आलेली शिष्यवृत्तीधारकांची यादी मी भरवर्गात वाचून दाखवीत असे. कोणाची जात कोणती, हे त्या यादीने साऱ्या वर्गाला कळे. माझा हेतू चांगला होता. मुदत चुकू नये, इतकाच. एका मुलीने त्या वर्षी अर्जच भरला नाही. पैसे नको होते का, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘सर, माझं नाव वाचू नका, एवढंच हवं होतं.’ मी तिची माफी मागितली नाही. मागावयास हवी हे त्या वेळी मला सुचलेही नाही. आज तीच यादी जात, बँक खाते आणि आधार क्रमांकासह वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली जाते, आणि टाकणाऱ्याचा हेतू बहुधा माझ्याइतकाच चांगला असतो.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. गुणवंतांच्या सत्कारासाठी शाळेतून नावे, पत्ते आणि फोन नंबर आणावयाचे आणि निवडणूक आली की त्याच यादीवरून पालकांना संदेश पाठवावयाचे, ही रीत साऱ्याच पक्षांत आहे. आपल्या कार्यकर्त्यांतही आहे. ती आधी बंद झाली पाहिजे. नाहीतर सरकारला जाब विचारताना आपला आवाज चढणार नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपले अनेक साथी त्या समित्यांवर आहेत. पण इमारतीची गळती आणि पोषण आहाराचा तांदूळ यांपलीकडे चर्चा सहसा जात नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी हा विषय घ्यावा. शिष्यवृत्तीची यादी भिंतीवर किंवा मोबाइल गटावर लागणार नाही, ‘अपार’ला नकार देणाऱ्या पालकाचे मूल वर्गात उभे राहणार नाही, असा ठराव करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. आणि त्याआधी मुख्याध्यापकांना साधे विचारावे, की ‘सरल’ आणि ‘यूडायस’चा पासवर्ड कोणाकोणाजवळ आहे. ज्या शाळेत संगणक चालत नाही वा इंटरनेट नाही, तेथे तो बहुधा बाजारपेठेतल्या नेट कॅफेवाल्याच्या वहीत लिहिलेला सापडेल.