मास्तरीणबाई आणि प्लेस्टेशन

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग घरात पाहुणे, आणि लिहिणं राहूनच गेलं. आज मात्र राहवत नाही, कारण या विषयावर मी घरात, नात्यात आणि निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, तिन्हीकडे एकटी पडले आहे!

झालं असं की परवा माझ्या नणंद पुण्याहून आल्या. (वन्सं हे वाचतात. तेव्हा आधीच सांगते, राग धरू नका, घरचीच गोष्ट आहे.) त्या दारातून आत आल्या तेव्हा मी आणि माझा सातवीतला नातू टीव्हीसमोर बसलो होतो. एक रिमोट त्याच्या हातात, एक माझ्या. पडद्यावर दोन मोटारी धावत होत्या, त्यातली माझी उलट्या दिशेने. वन्सं उंबऱ्यातच थबकल्या. "वहिनी, अहो तुम्ही शिक्षिका ना?"

गंमत म्हणजे तो प्लेस्टेशन वन्संच्याच मुलाने दिलेला. त्याने नवा घेतला, जुना आमच्याकडे आला. पण ते बोलायची सोय नव्हती. चहा होईपर्यंत त्यांचं एकच चाललं होतं, "इतकी मोकळी हवा, एवढं रान, आणि पोरगं घरात? पाठवा की बाहेर खेळायला!"

मोकळी हवा आहे, अगदी खरं. आमचं घर नारायणगावपासून पाचेक किलोमीटरवर मळ्यात. तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला टोमॅटो. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, पाण्याबरोबर ऊस आला आणि उसाच्या मागोमाग बिबट्या आला. त्याला लपायला जागा आणि खायला कुत्री, शेळ्या. कितीतरी बिबट्यांचा जन्मच उसात होतो. ऊसतोडीच्या वेळी बछडी सापडतात, मग वनखात्याची माणसं ती आईला पुन्हा मिळावीत म्हणून रात्री तिथेच नेऊन ठेवतात. २००१ ते २००३ च्या सुमारासही आमच्याकडे असेच हल्ले वाढले होते. आणि २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूतच्या बाजूला, तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. एक पाच वर्षांची पोर, एक तेरा वर्षांचा मुलगा आणि एक आजी. जवळजवळ माझ्याच वयाची. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला. शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातलेल्या बायकांचे फोटो तुम्हीही पेपरात पाहिले असतील. पुण्यात ती बातमी होती, आमच्याकडे रोजची संध्याकाळ आहे.

नातवाची शाळेची गाडी वस्तीच्या फाट्यावर येते. सून काठी घेऊन तिथे उभी असते. पाचनंतर पोरं अंगणातसुद्धा नाहीत. श्रावणात आमचा कुत्रा ओट्यावरून गेला, फक्त साखळी राहिली. शेजारची वस्ती अर्ध्या किलोमीटरवर, तिथे दोन मुलं आहेत, पण मधे ऊस. आता मी कोणत्या तोंडाने त्याला सांगू, की जा बाळा, बाहेर खेळ?

रविवारी सकाळी मात्र ती दोन मुलं बापाच्या मोटारसायकलवर बसून येतात. रिमोट दोन, मुलं तीन. त्यामुळे पाळी लावावी लागते, भांडणं होतात, कट्टी होते, दहा मिनिटांत बट्टीही होते. मी छत्तीस वर्षं मैदानावर जे पाहिलं तेच सगळं आमच्या बाहेरच्या खोलीत चालतं. घाम तेवढा येत नाही, हे कबूल.

दुसरं एक ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. 'आमच्या वेळचे खेळ कसे निर्मळ!' आमच्या वेळी गोट्या होत्या, आणि त्या लावूनच खेळत. हरलेली पोरं रडत घरी जायची आणि वर घरच्यांचा मार खायची. पाँग नावाचा व्हिडिओ गेम अमेरिकेत १९७२ साली आला म्हणे. त्याच साली आपल्याकडे तो मोठा दुष्काळ, मी बी.ए.ला होते, आणि आम्ही मिलोच्या भाकरी खात होतो. खेळायला कुणाच्या अंगात जोर होता! पण हे आठवणींच्या गोष्टी सांगताना कुणी सांगत नाही.

आमचा नाणेघाट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. कोकणातून जुन्नरला चढणारी सातवाहनांच्या काळातली वाट. लोक येतात, नागनिकेचा शिलालेख बघतात, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण बघतात, फोटो काढून परत. पण तिथल्या खडकात पायाखाली खेळांचे पट कोरलेले आहेत. ओळीने केलेले खळगे, त्यात खडे किंवा बिया टाकत पुढे जायचं. अभ्यासकांनी त्यांची नोंद केली आहे. म्हणजे घाटात विसाव्याला थांबलेली माणसं बसून खेळत होती. बैठा खेळ! त्यांनाही कुणी म्हणालं असेल का, की उठा, बाहेर जाऊन खेळा?

आणि आमचं नारायणगाव तर तमाशाची पंढरी. पाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. माझ्या लहानपणी घरातून सक्त ताकीद असायची, तिकडे फिरकायचं नाही, पोरं बिघडतात. त्याच गावच्या विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं, आणि आज आम्ही तिचं नाव अभिमानाने सांगतो. मी स्वतः वर्गात तमाशावर निबंध लिहून घेतले आहेत. पोरं कशाने बिघडतात याबद्दलचे आमचे अंदाज कितीदा चुकले, याचा हिशोब आम्ही मोठ्यांनी कधी मांडला नाही.

माझा चुकलेला एक अंदाज आज सांगते. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

१९९६ सालची गोष्ट. मी तेव्हा आंबेगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलात मराठी आणि इतिहास शिकवत होते. स्टँडजवळच्या एका गाळ्यात व्हिडिओ गेमची मोठी खोकी आली होती. रुपयाचं नाणं टाकायचं आणि उभ्याने खेळायचं. पोरांच्या तोंडी सारखं 'मुस्तफा, मुस्तफा'. (खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. मुस्तफा हे त्यातल्या एका गड्याचं नाव. हे मला आत्ता नातवाने शोधून दिलं, तेव्हा मला वाटायचं ते गाळेवाल्याचं नाव.)

नववीतला एक मुलगा सलग तीन दिवस शेवटच्या दोन तासांना गायब. मी सरळ त्या गाळ्यात गेले. आत अंधार, विडीचा वास, पंधरा-वीस पोरं. बाई आल्या म्हटल्यावर सगळी चिडीचूप, मशीनचा आवाज तेवढा चालू. मी त्याचा कान धरला आणि भर स्टँडवरून शाळेपर्यंत आणला. तिथेच थांबले असते तर बरं होतं. पण मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "पैसे कुठून आणतो ते जरा बघा." चोरी करतो, असं मी म्हणाले नव्हते. वडिलांनी तेच ऐकलं. ते तरकारी करणारे, हातावर पोट. त्यांनी पोराला बडवला, आणि पुढच्याच आठवड्यात दाखला काढून वाशीच्या मार्केटला चुलत्याकडे कामाला धाडला. स्टाफरूममध्ये माझं कौतुक झालं. एक बाई असून गाळ्यात शिरल्या म्हणून.

२०२५ च्या नोव्हेंबरात बिबट्याच्या भीतीने आम्ही अंगणात कॅमेरा आणि सोलरचा दिवा बसवायचं ठरवलं. मुलाने मंचरहून एक कारागीर बोलावला. चाळिशी उलटलेला, कानावर केस पिकलेले. शिडीवरून उतरला आणि म्हणाला, "बाई, ओळखलं का? मुस्तफा."

मी मटकन खाली बसले.

तो मात्र हसत होता. चहा घेता घेता त्याने सांगितलं. तो नाणी कधी टाकतच नव्हता. त्या खोक्यांची बटणं झिजायची, दांडा सैल व्हायचा. मागची फळी काढून हा तारा जोडून द्यायचा, बटणं साफ करायचा, त्या बदल्यात गाळेवाला त्याला फुकट खेळू द्यायचा. चौदा वर्षांचं पोर! आणि मी वडिलांना सांगितलं, पैसे कुठून आणतो ते बघा. त्याला स्वतःला एकदा तरी विचारलं असतं. वाशीला सहा वर्षं गोण्या उचलल्या, मग मोटारी भरून देणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली राहिला, मग गावी परतला. माझ्यावर राग नाही म्हणाला. जाता जाता नातवाच्या रिमोटचा दांडा आपोआप एका बाजूला जात होता, तो उघडून साफ करून दिला. पैसे घेतले नाहीत.

"दहावी झाली असती तर आयटीआयला गेलो असतो," एवढं एकच वाक्य बोलला. तेही पिशवी आवरता आवरता, खाली बघून.

तेव्हापासून 'गेममुळे पिढी बरबाद' असा निरोप ग्रुपवर आला की मला पुढे पाठवता येत नाही.

माझं भांडण आहे ते खिशातल्या मोबाईलशी, आणि त्यातही पैशाच्या खेळांशी. टोमॅटोची पट्टी हातात आली की आठवड्यात मोबाईलवर घालवणारी तरणी पोरं मी आमच्या भागात पाहिली आहेत. क्रिकेटपटू आणि नट त्याच्या जाहिराती करत होते. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्या कायद्यात पैशाचे खेळ वेगळे, ई-स्पोर्ट्स वेगळे आणि नुसत्या करमणुकीचे वेगळे धरले आहेत. सरकारला जो फरक कळला तो आमच्या ग्रुपला कळत नाही. ग्रुपवर गेमविरुद्ध सर्वांत जास्त निरोप टाकणारे एक सर स्वतः मोबाईलवर रमी खेळायचे. नाव सांगत नाही, त्यांच्या सौ. वाचतात. आणि सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी बंद झालं तेव्हा वन्संनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. ती बंदी मुलांच्या काळजीने आलेली नव्हतीच, चीनशी संबंध असलेल्या अ‍ॅप्सवरची होती. पुढच्या वर्षी तोच खेळ नाव बदलून परत आला.

टीव्हीखालचा हा डबा मला त्यापेक्षा सभ्य वाटतो. तो घराच्या मधोमध असतो. पोरगं काय खेळतंय हे सुनेला भाकऱ्या थापताना दिसतं. अंथरुणात घेऊन झोपता येत नाही. आमच्या डिस्कच्या खेळांना शेवट असतो, आणि नसला तरी वीज जाते! महाग आहे, नवा घ्यायचा तर पन्नास हजारांच्या वर जातो, आम्ही कधीच घेतला नसता. पण 'फुकट' म्हणून मोबाईलवर मिळणारा खेळ घराला किती महागात पडतो, तेही पाहिलं आहे.

व्यसन लागतं, हे मी नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेच गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घातलंय, २०२२ पासून ती यादी लागू आहे. आमच्याकडे रोज एक तास, रविवारी दोन. वेळ संपली की नातू म्हणतो, "आजी, थांब, सेव्ह होऊ दे." आधी मला ती सबब वाटायची. मग लक्षात आलं, मी तरी कादंबरीचं प्रकरण संपल्याशिवाय कुठे उठते?

आता नातवाच्या बाजूच्या मंडळींनाही चार शब्द. तुमच्या खेळांत माणसं फार मरतात बाबा. आणि नवा खेळ आणला की आधी तासन् तास डाउनलोड, हे काय? पूर्वी कॅसेट घातली की मारिओ उड्या मारायला लागायचा. शिवाय सगळे वीर परदेशी. अपवाद म्हणून नातवाने मला 'राजी' दाखवली. २०२० साली निघालेला खेळ, आणि करणारे आपल्या पुण्याचे, नोडिंग हेड्स गेम्स. सर्कशीतली एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला त्रिशूळ घेऊन निघते. चित्रं अशी की बघत राहावं. मी तिला पहिल्याच राक्षसांपाशी सात वेळा मारलं, पण भाऊ सापडतो का हे बघायला दोन संध्याकाळी नातवाच्या शेजारी बसून राहिले. मराठी मात्र नातवाच्या एकाही खेळात मला अजून भेटली नाही. पुण्यातल्या पोरांनो, नाणेघाट तुमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, एकदा येऊन ते खळगे बघून जा.

असो. बाहेर फटाके वाजायला लागलेत, म्हणजे पलीकडच्या वस्तीवर कुणाला तरी दिसला असणार. दार लावून घेते.

वन्सं, माघात जत्रेला याल तेव्हा माझा रिमोट तुम्हाला देईन. मी आता मोटार सरळ दिशेने चालवायला लागले आहे. वळणावर मात्र अजून कठड्यावर आपटते.