न तोडलेले झाड

पॅरिसजवळच्या फोंतेनब्लो अरण्याचे एक भव्य चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. हिवाळ्यातली सांज, निष्पर्ण फांद्यांचे जाळे, मागे मावळतीचा तांबूस उजेड आणि जुनाट वृक्षांखाली मोळ्या वाहणाऱ्या चिमुकल्या बायका. तेओदोर रूसोने ते १८४५-४६ च्या हिवाळ्यात आरंभिले. पुढे वीस वर्षे तो त्यावर हात फिरवीत राहिला. १८६७ साली वारला, पण ते विकले नाही.

याच रूसोने जुने ओक वृक्ष पडताना पाहून १८५२ साली सरकारदरबारी अर्ज केला. अखेर १८६१ च्या राजाज्ञेने १,०९७ हेक्टर रान राखले गेले, तेही चित्रकारांसाठी! अमेरिकेचे यलोस्टोन उद्यान व्हायला अजून अकरा वर्षे होती. चित्र काय, भिंतीवरही टिकते. त्यातले झाड मात्र रानातच टिकले पाहिजे, हे रूसोने ओळखले होते.