आधी कुंडीवर नाव, मग कायद्याशी वाद

मनोरी-गोराईपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या वाचकांची गेल्या काही महिन्यांतली पत्रे फिरून एकाच प्रश्नावर येतात. घरच्या गच्चीत बियांपासून वाढवलेल्या आरिओकार्पस किंवा ॲस्ट्रोफायटम अस्टेरियास या कॅक्टसना आता परवाना लागतो का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे मूळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीत आहे. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली आणि वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराची परिशिष्टे अनुसूची ४ म्हणून आपल्या कायद्यात आली. जवळजवळ अख्खे कॅक्टस कूळ परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि आरिओकार्पस, डिस्कोकॅक्टस, टर्बिनिकार्पस, ॲस्ट्रोफायटम अस्टेरियास असे आपले लाडके गडी परिशिष्ट १ मध्ये. कलम ४९-एन सांगते की परिशिष्ट १ मधल्या कोणत्याही जातीची कृत्रिम अभिवृद्धी करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे परवान्यासाठी अर्ज करावा. ते नव्वद दिवस जून २०२३ मध्येच संपले. या तरतुदीत विक्रीची अट नाही, रोपांच्या संख्येची किमान मर्यादाही नाही. हजारो रोपे विकणारी रोपवाटिका आणि मनोरीतल्या एखाद्या घराच्या पडवीत ठेवलेला दहा रोपांचा ट्रे, दोघांना एकच वाक्य लागू पडते.

हे वाक्य लिहिताना कुणाच्या डोळ्यांपुढे कुंडी नव्हती. होते ते परदेशी पोपट, इग्वाना आणि अजगर. याचा पुरावा पुढच्याच पायरीवर मिळतो. २८ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने अनुसूची ४ मधले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांसाठी नोंदणीचे नियम आले, परिवेश २.० या संकेतस्थळावर सोय झाली, सहा महिन्यांची मुदत मिळाली. मकाव पाळणाऱ्याला आपल्या पक्ष्याची नोंद सरकारदरबारी करता आली. कॅक्टस बाळगणाऱ्याला या नियमांत जागाच नाही, कारण ते प्राण्यांपुरतेच आहेत. म्हणजे अभिवृद्धीसाठी परवान्याचे बंधन आहे, पण 'माझ्याकडे ही झाडे आहेत, ती अमुक वर्षी अमुक बियांपासून आली' हे आधीच लिहून ठेवायला वही नाही. प्रामाणिक माणसाला खरे सांगण्याची सोय नाकारायची आणि सर्वसाधारण दंडाची मर्यादा मात्र २५ हजारांवरून एक लाखावर न्यायची, याला नियमन म्हणता येणार नाही. वनखात्यालाच दोष देण्यात अर्थ नाही, हेही कबूल. महाराष्ट्रात एकही कॅक्टस मूळचा नाही. बांधावरचा फड्या निवडुंगसुद्धा अमेरिकेतून आलेला. सह्याद्रीच्या वनस्पती शिकून आलेल्या वनपालाने टर्बिनिकार्पसची रोपे ओळखावीत ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणूनच ओळख पटवण्याचे काम पुण्यात १९५५ पासून असलेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राच्या सल्ल्याने व्हावे, आणि विक्री न करणाऱ्या, ठरावीक संख्येच्या आतल्या संग्राहकाला परवान्याऐवजी एका पानाचे घोषणापत्र पुरावे, ही मागणी आम्ही करतो. घोषणापत्र स्थानिक वन कार्यालयात घेतले जावे. मार्व्याची फेरी गाठून शहरात येणाऱ्या माणसाला नागपूरच्या कार्यालयाचा दरवाजा दाखवू नये.

काही जाणते वाचक यावर म्हणतात की हे सगळे प्रकरणच आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयी आहे, तेव्हा घरगुती छंदाला ते लागू होत नाही. प्रकरणाचे शीर्षक तसे आहे खरे, आणि न्यायालयात हा युक्तिवाद कदाचित टिकेलही. पण छंद करणाऱ्याने न्यायालयापर्यंत का जावे? शंका असेल तर ती सरकारने परिपत्रक काढून दूर करावी. दोन ओळींचे स्पष्टीकरण पुरेल. दुसरा आक्षेप जास्त प्रचलित आहे आणि जास्त घातक: गप्प बसा, आपल्या गच्चीवर कोण येतंय! हा सल्ला देणारे विसरतात की संग्रह कधी ना कधी हलतो. घर बदलते, इमारत पुनर्विकासाला जाते, झाडे प्रदर्शनात मांडली जातात, मित्राकडे पिल्ले पाठवली जातात. त्या दिवशी कागद लागतो, आणि तो त्या दिवशी तयार होत नाही.

इथपर्यंत सरकारशी भांडण. आता आपल्या घरात पाहू, कारण आपली बाजू इथेच लंगडी पडते. कायदा जातीच्या नावावर चालतो, आणि आपल्यातल्या निम्म्या कुंड्यांवर नावच नसते. विक्रेत्याने 'इम्पोर्टेड' म्हटले की आपण समाधानी. ॲस्ट्रोफायटममधले अस्टेरियास परिशिष्ट १ मध्ये आणि मिरिओस्टिग्मा परिशिष्ट २ मध्ये, दोन्ही बिनकाट्यांचे. आठ चपट्या, जेमतेम उठलेल्या कडा आणि लोकरीचे गोल ठिपके असलेले पहिले, बहुधा पाच ठसठशीत कडांचे दुसरे. प्रौढ झाड असेल तर चुकायला नको. पण या दोघांचा संकर समोर आला, किंवा नखाएवढे रोप असले, तर नुसत्या डोळ्यांनी निर्णय होत नाही. आईबापांची नोंदच लागते. फुलाआधी जिम्नोकॅलिशियम आणि पॅरोडिया यांत घोळ करणारे जुने संग्राहकही आहेत, आणि कळीवर लोकर-केस आहेत की गुळगुळीत खवले, एवढे पाहिले तर तो घोळ मिटतो. त्यात नावे बदलत राहतात. सोनेरी पिंप कॅक्टस, म्हणजे एकायनोकॅक्टस ग्रुसोनी, २०१४ पासून काही याद्यांत क्रोएनलाइनिया झाला. हायलोसिरियस सेलेनिसिरियसमध्ये गेला. साइट्सची कामे डेव्हिड हंट यांच्या यादीवरून चालतात, तिची तिसरी आवृत्ती २०१६ ची. कुंडीतल्या पट्टीवर आवडेल ते नाव ठेवा, पण आपल्या नोंदवहीत या यादीतले नाव शेजारी हवेच.

बियांबाबतचा गैरसमज तर सर्वांत महाग पडेल असा आहे. बियांना सूट असते, हे वाक्य आपल्यात सर्रास ऐकू येते. ती सूट परिशिष्ट २ ची, आणि तीही मेक्सिकोतून निर्यात होणारे कॅक्टसचे बी सोडून. परिशिष्ट १ च्या बियांना ती नाही. शिवाय साइट्सची सूट मिळाली म्हणून वनस्पती विलगीकरणाचा २००३ चा आदेश बाजूला होत नाही. आयात परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र हा स्वतंत्र विषय आहे. पाकिटात घालून टपालाने मागवलेले बी कायदेशीर आहे असे समजणाऱ्यांनी हे दोन्ही कागद तपासावेत. उलट, हरितद्रव्य नसलेले लाल-पिवळे जिम्नोकॅलिशियम मिहानोविची हायलोसिरियसच्या ठरावीक खुंटांवर कलम केलेले असेल, तर ते साइट्सच्या नियंत्रणातून वगळलेले आहे, आणि त्याच्यासाठी घाबरण्याचे कारण नाही.

आपण कुणाचे काय बिघडवतो, हा शेवटचा आक्षेप. बियांपासून वाढवणारा काहीच बिघडवत नाही, उलट जंगलावरचा भार कमी करतो. पण २०१५ मध्ये १,४७८ जातींचा जागतिक आढावा घेतला गेला तेव्हा ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचे दिसले, आणि संग्राहकांची मागणी हे त्यामागचे एक मोठे कारण ठरले. २०२० मध्ये इटलीत चिलीच्या वाळवंटातून उपटून आणलेले सुमारे हजार कोपियापोआ आणि एरिओसायसे एका संग्राहकाकडे सापडले; त्यांतले शेकडो पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवावे लागले. खरबरीत, करड्या, मुळे छाटलेल्या जुन्या झाडाला जास्त पैसे मोजणारा माणूस कुठल्याही शहरात असू शकतो. आपल्या बियांच्या रोपाची वही हीच आपल्याला त्याच्यापासून वेगळे करते.

म्हणून वाचकहो, सबबी पुरे. सांताक्रूझला चार महिन्यांत २,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. झाडे पत्र्याखाली सरकवताना पट्ट्या हरवतात आणि बूड सडलेल्या झाडाबरोबर त्याचा इतिहासही कचऱ्यात जातो. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिलीचे अक्षर टिकते. मनोरीच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी तार वापरू नका. एक पट्टी वर दिसेल अशी, दुसरी त्याच क्रमांकाची मातीत पुरलेली. वहीत क्रमांक, हंट यादीतले नाव, बी कुणाकडून आणि कधी, पेरणीची तारीख, लाउ किंवा राउश यांच्यासारख्या क्षेत्र-संग्राहकांचा संग्रह क्रमांक असल्यास तो, आणि विकत घेतले असेल तर पावती. रोप कुणाला दिले तर तेही लिहा. पावती न देणाऱ्या विक्रेत्याकडून परिशिष्ट १ मधले झाड घेऊ नका, ते कितीही देखणे असो. मृग लागण्यापूर्वी हे काम उरका, आणि परिशिष्ट १ मधल्या आपल्या जातींची यादी, नाव-पत्ता न घालता, फक्त संख्या आणि पेरणीचे वर्ष लिहून, आमच्याकडे पाठवा. घोषणापत्राची मागणी घेऊन आम्ही वनखात्याकडे जाऊ तेव्हा त्या याद्या आमच्या हातात असल्या पाहिजेत.