दिवाळीनंतर दुसरीचा वर्ग काय शिकतो?



दिवाळीची सुट्टी संपली. दुसरं सत्र सुरू झालं. दुसरीच्या वर्गात आता जोडाक्षरं, हातच्याची वजाबाकी, पाढे चालतील. पण दाभोळ-दापोली भागातल्या आपल्या कातकरी वाड्यांतली सात-आठ वर्षांची पोरं कुठं आहेत? आईबापाबरोबर गेली. कोणी विटभट्टीवर, कोणी कोळसा पाडायला. परत येणार ती पावसाच्या तोंडाला, परीक्षा होऊन गेल्यावर.

तिथं पण ती शिकतातच. कच्ची वीट उन्हात कधी उलटायची ते शिकतात. हजार म्हणजे किती ते शिकतात, कारण मजुरी हजार विटांवर असते. आणि उचल म्हणजे काय तेही शिकतात. पावसाळ्यात घेतलेले पैसे, सहा महिने राबलं तरी न फिटणारे. वजाबाकी त्यांना मुकादमाच्या वहीतच कळते.

वर लोक म्हणतात, "कातकऱ्याला शिक्षणाची गोडीच नाही." हे आता ऐकून घ्यायचं नाही. जून ते दिवाळी हीच पोरं शाळेत बसतात ना? मग तेव्हा गोडी कुठून येते? दिवाळीला गोडी संपत नाही, गावातलं काम संपतं. भात कापून झालं की मजुरी नाही. कसायला स्वतःची जमीन नाही. कित्येकांच्या घराखालची जागासुद्धा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. उचलीशिवाय पावसाळा निघत नाही, आणि उचल घेतली की भट्टी चुकत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, पोरांच्या शाळेचा प्रश्न हा जमिनीचाच प्रश्न आहे.

जमीन नाही असं सरकारने सांगू नये. खाडीपलीकडे अंजनवेल-वेलदूरला एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीसाठी जमीन सापडली. तो प्रकल्प 2001 साली बंद पडला. आणि खैराच्या काथावरून ज्याचं नाव पडलं, ज्याला सरकार स्वतः आदिम जमात म्हणतं, त्या कातकऱ्याला वाडीपुरती जमीन सापडत नाही?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 9 सांगतं, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळतो की नाही हे बघणं स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. शाळा सोडल्याचा दाखला आणायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. म्हणजे हजेरीपटावर 'स्थलांतरित' लिहिलं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने विटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून दाखवल्या. संघटनेला जमतं ते सरकारला का जमू नये? पण भोंगाशाळा ही मलमपट्टी झाली. खरं औषध वाडीतच आहे.

तेव्हा हे करायचं :

1) गेलेल्या पोरांची यादी वाडीवाडीने करा. नाव, इयत्ता, कुठल्या भट्टीवर. ती जिल्हा परिषदेला द्या, पोच घ्या. पुढच्या वेळी निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या.

2) 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो वनजमीन कसतो, त्याने वनहक्काचा दावा टाकावा. रत्नागिरी जिल्हा पेसात नाही, हे खरं. पण 2006 चा वनहक्क कायदा इथंही लागू आहे. कोणी उलट सांगितलं तर ऐकू नका. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबसुद्धा पुरावा म्हणून चालतो. दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि 60 दिवसांत अपील करा.

3) रोजगार हमीचं काम लेखी मागा, तारखेची पोच घ्या. 15 दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. पुढच्या वर्षी ही मागणी उचल घ्यायच्या आधी झाली पाहिजे.

मुकादम पावसाळ्यातच वाडीवर येतो. ग्रामसभेत आपला अर्ज त्याच्या आधी पोचला पाहिजे. तरच पुढच्या दिवाळीनंतर आपली पोरं दुसरीच्या वर्गात दिसतील.