दिसायला साधा, वागायला बेरका

रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारे बारके मातकट पतंग आपण सकाळी केरात लोटतो. त्यांच्याकडे निरखून कोण पाहतं? पण आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, अशाच एका पतंगाने संत्र्याच्या बागायतदारांची झोप उडवली आहे. नाव त्याचं फॉल्स कॉडलिंग मॉथ.

पंख पसरले तरी जेमतेम १५ ते २० मिलिमीटर. रंग करडा-तपकिरी. पुढच्या पंखावर पांढुरका ठिपका, कडेला त्रिकोणी डाग आणि त्यावर चंद्रकोर. नराच्या मागच्या पायांवर केसांचे झुबके. झाडाच्या सालीवर बसला तर दिसायचाही नाही!

खरा उपद्रव अळीचा. मादी फळावर सुटंसुटं अंडं घालते. अळी सालीला भोक पाडून आत शिरते आणि गर खाऊन गुलाबी-तांबडी होते. फळ वरून धड, आतून सडकं! ते अकाली पिकून गळतं. अळी मातीत उतरून कोश विणते, की पुन्हा तेच चक्र. निर्यातीच्या मालात अशी अळी सापडली, तर वर्षाची मेहनत पाण्यात.

म्हणून तिथे पहिला उपाय करतात तो अगदी घरगुती: गळलेली फळं दर आठवड्याला वेचून नष्ट करायची. आपल्याकडे पेरूतल्या फळमाशीची अळीही मातीतच कोश करते. तेव्हा परसात पेरू असेल, तर खाली पडलेली फळं तशीच कुजू देऊ नका, बरं का!