छपराचें पाणी भुईंत नको, टाक्यांत हवें

पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील खारपाणपट्ट्यांत ज्यांची घरेंदारें आहेत, त्या अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंकरितां हा लेख आहे. इतरांनींहि वाचण्यास हरकत नाहीं; परंतु ज्यांच्या विहिरीस गोड पाणी आहे त्यांस आमचें म्हणणें कांहींसें अतिरेकी वाटेल, हें आधींच सांगून ठेवतों.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली आणि तींतील बरींच वर्षें टंचाईच्या कागदांत गेलीं. फेब्रुवारी सरतां सरतां गांवोगांवचे ठराव येऊं लागत. मग विहिरींच्या अधिग्रहणाचे प्रस्ताव, टँकरच्या खेपांचीं नोंदपुस्तकें, त्यांवरील सह्या व शेरे. हें सारें करीत असतां एक गोष्ट आमच्या ध्यानीं फार उशिरां आली. ज्या गांवीं एप्रिलांत टँकर जाई, त्याच गांवचे अतिवृष्टीचे पंचनामे मागल्या पावसाळ्यांत आमच्याच टेबलावरून पुढें गेलेले असत. पाणी आलें होतें. तें कोणीं धरून ठेविलें नव्हतें, इतकेंच.

"पाणी अडवा, पाणी जिरवा" ही घोषणा महाराष्ट्रांत आतां शाळकरी पोरांसहि पाठ आहे. शेताच्या बांधास व नाल्यास ती लागू आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो घराच्या छपराविषयीं. छपराचें पाणी नळीनें शोषखड्ड्यांत सोडावें, असा उपदेश सर्वत्र एकाच सांच्यांतून होतो, आणि आमच्या पट्ट्यांतील भोळीं माणसें तो जसाच्या तसा उचलतात. येथील भुईंत काय आहे याचा विचार कोणी करीत नाहीं. वर भारी काळी चिकण जमीन, तींत पाणी अगदीं सावकाश मुरतें. आणि जें मुरतें तें खालच्या खाऱ्या पाण्यास जाऊन मिळतें. गोडें पाणी हलकें असल्यामुळें त्याचा पातळ थर कांहीं काळ खाऱ्यावर तरंगतो हें खरें; पण पंप लावून जोराचा उपसा केला कीं खालचें खारें वर चढतें. आभाळानें शुद्ध करून छपरावर आणून दिलेलें पाणी आपण हातानें खाऱ्या रांजणांत ओतावें, आणि उन्हाळ्यांत तेंच गोडें करण्याकरितां यंत्र बसवावें, हा व्यवहार कोणत्या जमाखर्चांत बसतो?

"नळ आला आहे कीं!" असें कोणी म्हणेल. वान धरणावरून अकोट-तेल्हाऱ्याकडील ८४ खेड्यांस व काटेपूर्णेवरून खांबोऱ्याच्या ६४ खेड्यांस पाणी देण्याच्या योजना झाल्या. त्यांनीं या मुलखावर मोठे उपकार केले. परंतु दूरवर पसरलेली नळवाहिनी म्हटली कीं ती कधीं फुटणार, कधीं वीज जाणार, धरण रिकामें असलें कीं पाळी लांबणार. त्या दिवसांत घरचा पुरुष मोटारसायकलवर कॅन आणतो आणि घरची लेक व सून हंडे घेऊन रांगेंत उभ्या राहतात. आम्ही नळाचे शत्रू नाहीं. पिण्याचें पाणी आपल्या अंगणांत असावें, इतकेंच म्हणतों.

हें कांहीं नवें नव्हे. अकोट तालुक्यांतील नरनाळा किल्ला उत्तरेस डोंगरावर उभा आहे. तेथें नदी नाहीं. शक्कर तलाव आदि तळ्यांत पावसाचें पाणी सांठवूनच गडावरील वस्तीनें दिवस काढले. त्याच गडावरून दिसणाऱ्या सपाट मुलखांत आपण ऑक्टोबरापासून आभाळाकडे पाहत बसतों.

आतां हिशेब मांडूं. जन्मभर आंकडेमोडच केली. तीस फूट लांब व पंचवीस फूट रुंद पत्र्याचें घर धरा. क्षेत्र साडेसातशें चौरस फूट, म्हणजे सुमारें ७० चौरस मीटर. एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतें. या भागांत सामान्य वर्षीं ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस होतो. ७०० धरला तर ४९,००० लिटर. धुण्यांत, उडण्यांत व सांडण्यांत एक पंचमांश गेलें तरी ३९,००० लिटर उरतें. सहा माणसांच्या घरास पिण्यास व स्वयंपाकास माणशीं ८ लिटर धरल्यास दिवसाचें ४८ आणि पावसाळा सरल्यापासून मृगापर्यंतच्या २५० दिवसांचें १२,००० लिटर लागतें. पाऊस ४०० मिलिमीटरवर आला तरीहि २२,००० लिटर मिळतें. अवर्षणाच्या वर्षीं पीक बुडेल, पण पिण्याचें पाणी बुडत नाहीं. ही गोष्ट आमच्या वाचकांनीं पुन्हा एकदां कागदावर करून पाहावी. आंघोळीस, गुरांस व धुण्यास हें पाणी काढलें तर मात्र संक्रांतीलाच तळ दिसेल.

टाकें गोल बांधावें. दहा फूट व्यास व सात फूट उंची असली कीं १५,००० लिटर मावतें. वळचण तितकी उंच नसेल तर ठेंगणीं दोन बांधावीं. काळ्या जमिनींत खोल खणून टाकें पुरण्याचा मोह धरूं नये. ही जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. भिंतीस तडा गेला कीं बाहेरचें खारें व घाण पाणी आंत येतें आणि तें डोळ्यांस दिसतहि नाहीं. म्हणून काळी माती काढून मुरूम भरावा, तो चांगला ठोकून बसवावा व त्यावर टाकें उभारावें.

पहिल्या वर्षीं आम्हीं स्वतःच मोठी चूक केली. मृगाची पहिली सर आली आणि आनंदाच्या भरांत आम्हीं सारें पाणी टाक्यांत सोडलें. पत्र्यावर कबुतरांची विष्ठा, निंबाचा पाला, उन्हाळाभराची धूळ! आठवड्यांत पाण्यास वास आला आणि नातवास असे जुलाब झाले कीं दोन दिवस दवाखान्यांत ठेवावें लागलें. आमच्या कुटुंबानें त्या वर्षीं तें पाणी स्वयंपाकघरांत येऊं दिलें नाहीं, व तिचें बरोबर होतें.

तेव्हांपासून आम्ही वैशाखांतच पत्रे व पन्हळी झाडून घेतों, पहिले एकदोन पाऊस सरळ बाहेर सोडतों, आणि पुढेंहि उघडीप पडून पाऊस आला कीं पहिलें दीडशें लिटर पाणी वेगळ्या पिंपांत जाऊं देतों. पत्र्यावर पऱ्हाट्या रचण्याची व फवारणीचे रिकामे डबे फेकण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. ती ज्यांस सोडवत नसेल त्यांनीं टाकें बांधूं नये. औषधाचें विष पाणी उकळून जात नाहीं. ॲस्बेस्टॉसच्या व शिशाच्या जुन्या रंगाच्या पत्र्यांचें पाणीहि पिण्यास घेऊं नये. मातीच्या धाब्याचें तर गढूळच येतें.

टाक्याच्या तोंडापूर्वीं गाळणीचें पिंप असावें: तळाशीं गोटे, त्यांवर खडी, मग कोळसा व वर धुतलेली जाड वाळू. वाळू दरवर्षीं काढून धुवावी. तथापि गाळणीनें कचरा राहतो, रोगजंतू मरत नाहींत. त्याकरितां ब्लीचिंग पावडर हजार लिटरांस अडीच ग्रॅम, म्हणजे भरलेल्या टाक्यास सुमारें ३७ ग्रॅम, बादलींत कालवून वरची निवळ तेवढी ओतावी व निदान तासभर पाणी काढूं नये. डबा उघडा राहिलेल्या पावडरीचा जोर जातो, म्हणून ती ताजी घ्यावी. घरांत तान्हें मूल किंवा आजारी माणूस असेल तर पाणी खळखळ उकळून द्यावें. टाक्यास झांकण व प्रत्येक नळीच्या तोंडास बारीक जाळी हवी. डेंग्यूचा डास स्वच्छ सांठलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो. पाणी तोटीनें काढावें, पोहरा आंत सोडूं नये.

दुसऱ्या वर्षापासून घरांतला विरोध मावळला, आणि तो आमच्या हिशेबानें नव्हे. विहिरीच्या पाण्यांत तुरीची डाळ तासभर चुलीवर राही; टाक्याच्या पाण्यांत ती लवकर मऊ होऊं लागली. आमच्या आळींतील तीन घरीं पुढें जीं टाकीं झालीं, तीं त्या डाळीमुळें झालीं.

शेततळ्याकरितां जागा, पैसा व अर्ज करण्याची हौस आपणांपाशीं आहे. घरच्या टाक्याकरितां मात्र "पुढल्या वर्षीं पाहूं" असें उत्तर मिळतें. एकट्यास गोल टाक्याचा लोखंडी सांचा परवडत नाहीं, ही अडचण खरी. म्हणून संघानें असे दोन सांचे विकत घेऊन सभासदांस भाड्यानें द्यावे, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेंत मांडणार आहों. अनुमोदन देण्यास जे तयार असतील त्यांनीं सभेपूर्वीं कळवावें. ज्यांस यंदाच बांधावयाचें आहे त्यांनीं काम अक्षय्यतृतीयेच्या आंत उरकावें. सिमेंटास तीन आठवडे पाणी मारावें लागतें, आणि मृग कोणाकरितां थांबत नाहीं.