प्रकल्प सांध्यावर अडतो

एअरबसच्या ए-३८० या दुमजली विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग आहे. हॅम्बुर्गला हार्नेस (तारांचे बांधलेले जुडगे) बसवलेले फ्यूजलाजचे भाग तुलूझला जोडणीसाठी आले, तेव्हा अनेक ठिकाणी तार चक्क अपुरी पडली. जर्मनी आणि स्पेनमधले गट कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवर काम करत होते, फ्रान्स आणि ब्रिटनमधले पाचव्या. एकीतले मॉडेल दुसरीत नेताना सगळी माहिती नीट उतरत नव्हती. शिवाय वजन वाचवायला तांब्याऐवजी बरीच ॲल्युमिनियमची तार घेतली होती. ती वळवायला जास्त त्रिज्या लागते, म्हणजे प्रत्येक वळणाला लांबीचे गणित बदलते. एकेका वळणातला फरक किरकोळ, पण लाखभर तारांच्या जाळ्यात असे फरक साठत जातात. मग हार्नेस काढा, नवे करा, पुन्हा बसवा. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या ताब्यात गेले ते ऑक्टोबर २००७ मध्ये, मूळ वेळापत्रकाच्या सुमारे दीड वर्ष उशिरा. जुलै २००६ मध्येच एअरबसच्या प्रमुखांना पायउतार व्हावे लागले होते.

या कंपनीकडे कुशल अभियंत्यांची वानवा नव्हती, पैशाचीही नव्हती. प्रकल्प फसला की आपण मनुष्यबळ, मुदत आणि बजेट यांच्याकडे बोट दाखवतो. ती कारणे खरी असतात, पण आमच्या मते त्यांच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: दोन गटांच्या कामाचा सांधा नेमका कोणाच्या जबाबदारीचा होता? बहुतेक वेळा उत्तर येते, दोघांच्याही. म्हणजे कोणाच्याच नाही.

आपल्या डिझाइन ऑफिसांतही हेच दिसते. स्ट्रक्चरलवाल्यांच्या हातात एक रिव्हिजन, पाइपिंगवाल्यांच्या हातात आधीची, आणि व्हेंडरने ईमेलवर कळवलेला बदल ईसीएनमध्ये, म्हणजे बदलाच्या अधिकृत सूचनेत, आलेलाच नाही. साइटवर फ्लँज जुळत नाही, तेव्हा फॅब्रिकेटरला दोष देऊन मोकळे होता येत नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे. पुढच्या प्रकल्पाच्या किक-ऑफ बैठकीत पहिले ड्रॉइंग सुरू होण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी ठरवून घ्या: सर्वांची सॉफ्टवेअर आवृत्ती, बदल कळवण्याची एकच वाट, आणि प्रत्येक सांध्यासाठी एका माणसाचे नाव. विभागाचे नको, माणसाचेच हवे.